उभी की आडवी

"नवऱ्याला बाटलीनं नेलं, आन् आता लुगडं बी बाटलीच देतीया व्हय," आक्का म्हणाल्या आणि साडी मांडीवर घेऊन तिच्या काठावरून हात फिरवत बसल्या.

मी साड्यांचा गठ्ठा धरून गाडीच्या दारात उभी. साडी हिरवीगार, काठ सोनेरी. रंग मीच निवडला होता, मुंबईच्या ऑफिसात बसून, बाटलीच्या काचेशी जुळवून. विधवा बाईच्या हातात हिरवी साडी ठेवायची नसते हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मागच्या बाकांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आक्का मात्र सरळ खाली उतरल्या, देवळामागच्या खोलीत गेल्या आणि ती साडी नेसूनच परत आल्या.

"फुकटची हाय. दोष लागला तर दुकानवाल्या चौगुल्याला लागंल," त्या म्हणाल्या, आणि खिडकीजवळची जागा धरली.

गाडीचा ड्रायव्हर धनाजी मोहिते मोठ्यानं हसला. त्याच्या मागच्याच सीटवर त्याची बायको शालन बसली होती. ती हसली नाही. सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती ती, अंधार होता तेव्हापासून.

बोरसर गावच्या बायकांना जोतिबाला नेणाऱ्या अशा चार गाड्या देवळापुढे उभ्या होत्या. प्रत्येकीला पुढे हिरवं निशाण. निशाणावर नाव नाही, कारण दारूच्या नावाची जाहिरात करायला कायद्यानं बंदी. पण तो हिरवा रंग कशाचा ते तालुक्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. तेवढ्याचसाठी तर कंपनीनं मला तिथे पाठवलं होतं.

'ग्रुनफेल्ड' ही जर्मनीहून येणारी बिअर. मोठ्या शहरांत तिला विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून साहेबांच्या डोक्यात आलं की हायवेवरची, कारखान्यांजवळची लहान गावं धरून बघू. बोरसर फाट्यावरचं रावसाहेब चौगुल्यांचं बिअर शॉप त्यांनी निवडलं आणि मला म्हणाले, "वृंदा, हा प्रयोग टिकला तर तू कायम. नाही तर रामराम." घरी वडील नुकतेच गेले होते, भावाचं शिक्षण चालू होतं. मला रामराम परवडणारा नव्हता.

प्रयोग टिकला तो धनाजीमुळे. हा माणूस चौगुल्यांच्या कंत्राटावर एमआयडीसीतल्या कामगारांची ने-आण करायचा. जाहिरातीसाठी मी दुकानापुढे फुकट पार्ट्या ठेवायची, त्यातल्या पहिल्याच पार्टीला त्यानं ग्रुनफेल्डचा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "म्याडम, ही आपली." पुढच्या आठवड्यात 'हिरवं मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष धनाजी, खजिनदार त्याचा मावसभाऊ, कार्यकारिणीत गणपतीच्या मंडळातलीच सगळी पोरं. आमच्याकडे अध्यक्षाशिवाय दोन माणसं एकत्र बसत नाहीत. दुकानाबाहेर उभी करायची बाटली कंपनी मुंबईहून फुगवून पाठवणार होती, ती धनाजीनं नको म्हणून सांगितली. मंडळाच्या पोरांनी बांबूचा सांगाडा बांधला, त्यावर हिरवा जिलेटिनचा कागद ताणला, आत दिवे सोडले. ती ताडमाड बाटली पेटली की हायवेवरचे ट्रकवाले वेग कमी करून बघायचे. तिच्या बुडाशी नारळ मात्र फोडू नका असं मी सांगत होते, तोवर तो फुटलाही होता. धनाजीनं पुढे उजव्या हातावर बाटलीवरचं चित्र गोंदवून घेतलं. साहेबांना मी फोटो पाठवला तर ते खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले, असं तिथली टायपिस्ट म्हणाली.

त्या गोंदणाचा फोटो काढायला मी त्याच्या घरी गेले होते. भिंतीवर हार घातलेला एका तरण्या मुलाचा फोटो होता. कोण म्हणून विचारलं, तर शालन म्हणाली, "माझा भाऊ. दत्ता. रस्त्यात गेला." आणि चहाचं आधण बघायला आत वळली. धनाजीची एक गोष्ट मला आवडायची. प्यायल्यावर तो गाडीला हात लावायचा नाही. पार्टी संपली की गाडी दुकानापाशीच ठेवून शेताच्या बांधानं रमतगमत घरी चालत जायचा. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

अंगणवाडीच्या कमलताईंनी मात्र गावात सह्या गोळा केल्या. आपल्याकडे गावातल्या बायकांना दुकान नको असलं तर त्यांचं मतदान घेतात. मत फक्त बायकांचं. कागदावर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान राहू द्यायचं तर उभीवर शिक्का, बंद करायचं तर आडवीवर. आणि गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी केली तरच दुकान बंद होतं. आलेल्यांपैकी नव्हे, एकूणांपैकी.

ही मेख चौगुल्यांनी बरोबर ओळखली. "म्याडम, जी बाई मत द्यायला आलीच न्हाई, ती आपली," ते मला म्हणाले. "तुमी पार्ट्या लई भारी करता. एक पार्टी बायांची करा की. देवाला न्या. जेवण, साडी, ओटी, सगळं आपलं. मतदान पाचला संपतं. गाड्या सातला परत आल्या म्हंजे झालं."

"पण त्या येतील का, मतदानाच्या दिवशी?"

"चारला परत आणतो म्हणायचं. मग वाटेत रंकाळा हाय, भेळ हाय."

मी 'नको' म्हटलं नाही. साड्यांचा रंग निवडला.

आता त्या साड्या नेसलेल्या बायका घाटानं वर चढत गाणी म्हणत होत्या आणि मला मात्र एका जागी बसवत नव्हतं. जोतिबाच्या डोंगरावर पोचेपर्यंत मी नखं कुरतडून संपवली. दर्शनाची रांग सरकत होती. "चांगभलं" म्हणत कुणीतरी गुलाल उधळला आणि आमच्या सगळ्या हिरव्या बायका गुलाबी झाल्या. जिला बघावं ती मला विचारायची, "म्याडम, चारला पोचतो न्हवं?" आणि मी म्हणायची, "हो तर." एकीला म्हटलं, दुसरीला म्हटलं. तिसरीला नुसतीच मान हलवली. आक्कांनी विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, एवढंच.

जेवणं झाली. पुरणपोळी होती, कटाची आमटी होती. मी पोळी अर्धीच टाकली. शालनच्या पानातलंही तसंच राहिलं होतं.

"बरं वाटत नाही का गं?" मी विचारलं.

"न्हाई. चांगली हाय की," ती म्हणाली. मग हळूच, "रंकाळ्याला जानार न्हवं आपण? मी कधी बघितला न्हाई."

"जाणार तर."

ती जरा सैल झाल्यासारखी वाटली. मला वाटलं, चला, एका बाईला तरी सहलीची खरी हौस आहे. तेवढाच माझ्या मनाला आधार.

डोंगर उतरून हायवेला लागल्यावर कोल्हापूरच्या बाजूला वळायचं होतं. चारी गाड्यांत धनाजीची गाडी पुढे, आणि बाकीच्या तिघांना चौगुल्यांनी बजावलं होतं, धना वळेल तिकडं वळायचं. धनाजीनं हात बाहेर काढून मागच्यांना खूण केली आणि गाडी वळवली. बायकांच्या गाण्यात मला काही कळलं नाही. वाऱ्यानं डोळा लागायला आला होता. मग उसाच्या फडांमागे साखर कारखान्याची चिमणी दिसली. सकाळी ती उजव्या हाताला दिसली होती, आता डाव्या हाताला.

"धनाजी, ही वाट कुठली?"

"वाट बरोबर हाय, म्याडम."

"अरे, आपण गावाकडे चाललोय."

"गाडी गरम झालीया. पानी घालतो, मग सांगतो."

शालन सीटवर ताठ झाली. तिनं पुढे वाकून नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. "अवो, रंकाळा?"

"पुढच्या खेपंला," तो म्हणाला.

पुढे पेट्रोल पंप लागला. धनाजीनं गाडी कडेला घेतली, मागच्या तिन्ही थांबल्या. बायका पाय मोकळे करायला उतरल्या. तो कॅन घेऊन गाडीच्या पुढे गेला. मी त्याच्यामागे गेले. रेडिएटर थंडगार होता, त्याचं झाकणसुद्धा त्यानं उघडलं नाही.

"हे काय चाललंय?" मी विचारलं. "चौगुल्यांना कळलं तर तुझी गाडी कंत्राटावरून जाईल. माझी तर नोकरीच जाईल. तू मंडळाचा अध्यक्ष. तू हातावर गोंदवून घेतलंस."

"व्हय. त्येच तर."

त्यानं बाही मागे सारली आणि त्या चित्राकडे असं पाहिलं, की ते दुसऱ्याच कुणाच्या हातावर असावं.

"ताई," तो म्हणाला. आजवर मी म्याडम होते. "मला तुमची बिअर लई आवडती. खोटं सांगत न्हाई. पर आता त्या बाटलीतला दिवा लागला की माझं पाय आपसूक तिकडं जात्यात. घरात बसलो तरी खिडकीतनं हिरवा उजेड येतो भिताडावर. पोरगी म्हनती, पप्पा, दिवा लागला, जावा. ती तशी गमतीनं म्हनती. मी दोनदा सोडली. दोनदा त्या दिव्यानं नेलं. ती बाटली तिथं उभी हाय तवर माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"मग मत…"

"मला मत कुठं हाय?" तो म्हणाला. "बायकांचं असतंय. सगळ्या गावाला इचारत्यात, फक्त पिणाऱ्याला इचारत न्हाईत." त्यानं मागे उभ्या असलेल्या चारी गाड्यांकडे हनुवटीनं दाखवलं. "माझं मत हे. एवढ्या बाया घेऊन जातो. त्या काय करतील त्यांचं त्यांनी."

माझ्या हातातला फोन वाजला. चौगुले.

रागानं माझं डोकं भणभणत होतं. त्याच्यावर, चौगुल्यांवर, साहेबांवर, सगळ्यांवर. आक्का पंपावरच्या नळाखाली तोंड धुऊन त्याच हिरव्या पदरानं पुसत होत्या. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. धनाजी माझ्याकडे बघत नव्हता. रिकामा कॅन हातात घेऊन चिमणीकडे बघत उभा होता.

"कुठवर आलासा, म्याडम?" चौगुल्यांनी विचारलं.

"रंकाळ्यावर," मी म्हटलं. "बायका भेळ खातायत."

"झ्याक. सावकाश होऊ द्या."

फोन बंद करून मी गाडीत जाऊन बसले. पुढे सगळी वाट शालन माझ्या शेजारी बसली होती आणि तिची बोटं पदराच्या टोकाला पीळ घालत होती, सोडत होती, पुन्हा घालत होती. मला वाटलं, वेळेत पोचतो की नाही याचा घोर. मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "पोचू गं."

गावातल्या शाळेपुढे चार गाड्या ओळीनं उभ्या राहिल्या आणि त्यांतून हिरव्या साड्यांच्या, गुलालानं माखलेल्या बायका उतरायला लागल्या, तेव्हा तिथला पोलीससुद्धा बाकावरून उठला. कमलताई फाटकाशी दिवसभर उन्हात बसून होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि नुसत्याच बघत राहिल्या. चौगुले समोरच्या पानपट्टीवर होते. आपण पैसे मोजून घेतलेल्या साड्यांची रांग त्यांनी शाळेच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत वाढत गेलेली पाहिली. मग त्यांनी मला पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

"लुगडं अंगाला बसलं बरं का, चौगुले," आक्का रांगेतून म्हणाल्या.

शालन रांगेत मागे उभी राहिली. पुढच्या बायका आत जायच्या, बाहेर यायच्या, आणि ती प्रत्येक वेळी मागच्या बाईला पुढे सोडायची. शेवटी मागे कुणी उरलंच नाही. आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. धनाजी फाटकाच्या गजाला धरून उभा. दुसऱ्या कुणाची काळजी त्याला नव्हती.

ती आली. बोटाला शाई होती. चेहरा ओढलेला.

"आडवी केलीस न्हवं?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"गुप्त असतंय," ती म्हणाली आणि घराच्या वाटेला लागली.

दुकान बंद झालं. थोडक्यात, पण झालं. बांबूची बाटली मंडळाच्याच पोरांनी सोडवली. जिलेटिनचे तुकडे पुढे कितीतरी दिवस बाभळींना अडकून फडफडत होते, असं म्हणतात. मी ते बघायला थांबले नाही. साहेबांनी शब्द पाळला, रामराम म्हणाले. वर्षभर मी मिळेल ती कामं केली. मग एका मसाल्याच्या कंपनीत लागले, तिथे पार्ट्या नसतात.

बऱ्याच वर्षांनी, मसाल्याच्याच कामानं कोल्हापूरला जाताना बोरसर फाटा आला आणि मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. दुकानाच्या जागी पंक्चरवाला होता. मी बांधानं चालत गेले.

धनाजीनं मला लांबूनच ओळखलं. केस पिकले होते, अंग भरलं होतं. हातावरचं चित्र पुसट होऊन हिरव्या डागासारखं राहिलं होतं. त्यानं मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले, दोन म्हशी दाखवल्या, नवी गाडी दाखवली.

"सुटली, ताई," तो न विचारता म्हणाला. "लगेच न्हाई सुटली. तिकडं घोगावच्या ढाब्यावर मिळायची की. पर दुकान बंद झालं त्याच दिवशी गाडीच्या किल्ल्या हिच्या हातात दिल्या. म्हटलं, सांज झाली की ह्या तुझ्याजवळ. मी मागितल्या, रडलो, शिव्या दिल्या, तरी द्यायच्या न्हाईत. आन् ढाब्यापतूर चालत जाऊन परत येस्तवर सगळी उतरती. मग जायचं कशाला?" तो हसला. मग शालनकडे बघून, गंभीर होत म्हणाला, "हिच्या मतानं वाचलो मी. थोडक्यात पडलं होतं दुकान. एकेक मत लागलं. हिचं लागलं."

शालन चुलीशी होती. तिनं मान वर केली नाही.

म्हैस रेकली म्हणून तो उठून गोठ्याकडे गेला. भिंतीवर दत्ताचा फोटो तसाच होता, हार नवा होता. शालननं माझ्यापुढे चहा ठेवला आणि गोठ्याच्या बाजूला बघून खाली बसली.

"ताई, कुणालाच बोलले न्हाई अजून," ती म्हणाली. "मी उभी केली होती."

मी उचललेला कप खाली ठेवला.

"आमच्या म्हायेरच्या गावातलं दुकान असंच आडवं केलं बायांनी. दत्ता मग घोगावला जायचा, मोटरसायकलवर. एक दिस येताना ट्रकखाली गेला. आईनं आडवी केली होती. मरंस्तवर म्हनायची, मी माझ्या हातानं शिक्का मारला." तिनं पदरानं चुलीवरचं भांडं उतरवलं. "हे प्यायचे, पर चालत यायचे. बांधावर पाय वाजला की मी दार उघडायची. मला म्हाईत असायचं, आलं. फाट्यावरचं बंद झालं तर हे गाडी घेऊन जानार, माझ्या जिवाला तेवढंच दिसत हुतं. म्हनून मी सगळ्यांच्या आधी तुमच्या गाडीत येऊन बसले. रंकाळ्याला गेलो असतो तर शिक्काच मारावा लागला नसता. तर ह्यांनीच गाडी वळवली."

"आणि किल्ल्या?"

"त्या त्यांनी आपल्या हातानं दिल्या. मला काय ठाऊक, ते देतील म्हनून." तिचे डोळे भरले. तिनं ते पुसले नाहीत. "त्यांना वाटतंय, माझ्या मतानं वाचले. वाटू द्या. एवढी वर्सं त्या भरवशावर काढलीत त्यांनी. सांगू नगा."

धनाजी हात पुसत आत आला. "काय कुजबूज चाललीया दोघींची?" त्यानं विचारलं. पिढ्यावर बसला, शालनच्या हातातून कप घेतला. "ताई, एवढी वर्सं झाली, ही मला अजून तोंडानं सांगत न्हाई, काय केलं हुतं ते. इचारलं की एकच उत्तर. तुमाला तरी सांगितलं का?"

शालन माझ्याकडे बघत होती.

"गुप्त असतं, धनाजी," मी म्हटलं आणि चहा प्यायले.